पेटीचा क्रमांक आणि ताळ्याचा अंक



या स्मृतिव्याख्यानमालेत यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल संस्थेचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास आणि संतवाङ्मय या विषयांवर थोरामोठ्यांची व्याख्याने झाली. माझा अधिकार त्या जातीचा नाही. मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मालवाहतुकीच्या व्यवसायात, गोदीत, गोदामांत आणि कस्टम्सच्या खिडक्यांपुढे काढली. तेव्हा विषय निवडताना मी माझ्याच अंगणात राहायचे ठरवले. मालाच्या पेटीवर जो क्रमांक लिहिलेला असतो, त्याच्याविषयी मी आज बोलणार आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर मिळाले म्हणजे काम संपले असे नव्हे, ताळा पाहिल्यावाचून वही मिटायची नाही, हा त्यांचा दंडक आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. या क्रमांकांचा जीव त्या ताळ्यातच आहे. म्हणून सरांच्या नावाने चाललेल्या व्याख्यानमालेत हा विषय अगदीच परका ठरू नये.

विषय रूक्ष वाटेल, याची मला जाणीव आहे. पण आज सकाळी आपण घेतलेला चहा, अंगावरचे वस्त्र, औषधाची गोळी, मुलांच्या हातचे पुस्तक, यांतील बहुतेक प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या क्रमांकाच्या बोटाला धरून आपल्यापर्यंत आली आहे. बोट सुटले तर ती वाटेत हरवते. क्वचित असेही होते, की बोट सुटलेले नसते आणि तरीही अनर्थ घडतो. त्याचेही एक उदाहरण मी पुढे देणार आहे.

मार्का ते पेटी

मालावर खूण करण्याची रीत नवी नाही. व्यापारी पोत्यावर आपला मार्का उठवीत. गाडीवान बिल्टी घेऊन निघे आणि आडत्याच्या दारी ती दाखवून माल उतरवी. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवसायात डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे व आकडे असतात. स्टेशन कोणते, डबा नेणारा कोण, इमारत कोणती, मजला कितवा, हे त्या चार खुणांत सामावलेले असते. ही खूण फक्त डबेवाल्यांनाच वाचता येते आणि तेवढे पुरते, कारण सकाळी डबा उचलणारा आणि दुपारी पोचविणारा एकाच मंडळीतले असतात.

परंतु माल एका मंडळीच्या हातून दुसऱ्या, दुसरीच्या हातून तिसऱ्या, आणि तेही निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांच्या हातांत जाऊ लागला, की खाजगी खूण अपुरी पडते. पूर्वीच्या बोटींवर ही अडचण किती मोठी होती, याची एक नोंद उपलब्ध आहे. १९५४ साली ‘वॉरियर’ नावाचे जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन गोदीतून जर्मनीतील ब्रेमरहाफेन बंदरास गेले. त्यावरील मालाची तपशीलवार मोजदाद झाली. माल ५,०१५ टन आणि नग १,९४,५८२! खोकी, पोती, पिंपे, गासड्या, मोटारी, सारे एकत्र. हा माल १५१ शहरांतून, १,१५६ निरनिराळ्या पाठवणींतून गोळा झालेला होता. यातला प्रत्येक नग माणसाच्या हातांनी उचलायचा, त्याचा मार्का वाचायचा, वहीत टिपायचा आणि उतरवताना पुन्हा तेच. चुकामूक आणि चोरी ही त्या काळी गोदीच्या खर्चाची नित्याची बाब होती, यात नवल नाही.

पुढे दोनच वर्षांनी, २६ एप्रिल १९५६ रोजी, माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रक-व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजावर ५८ बंद पेट्या चढवून त्या नेवार्कहून ह्यूस्टनला पाठविल्या. सुटा माल जहाजावर चढविण्यास त्या काळी टनामागे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. या पेट्यांना टनामागे १६ सेंटही लागले नाहीत. कंटेनरचे युग तेथून सुरू झाले. पुढे साठच्या दशकात पेट्यांची मापे आणि कोपऱ्यांचे सांधे सर्व जगात एकसारखे व्हावेत म्हणून खटपट सुरू झाली, तेव्हा मॅक्लीनने सांध्यांच्या रचनेवरील आपले पेटंट-हक्क विनामूल्य खुले केले. यात त्याची दूरदृष्टी होती. जी वस्तू सर्वांनी वापरल्याशिवाय उपयोगी पडत नाही, ती कुलपात ठेवून मालकाचाही फायदा होत नाही, हे त्याने ओळखले होते.

पण पेटी बंद झाली आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. पूर्वी पोते दिसत असे, त्यातून सांडलेला गहू दिसत असे, पिंपाला वास येत असे. आता बंदरात हजारो लोखंडी पेट्या एकीवर एक रचलेल्या, रंगापलीकडे सर्व सारख्या. आत रेशीम आहे की रसायन, हे पाहून कळण्याची सोय उरली नाही. पेटीला नाक नाही, डोळे नाहीत, चेहरा नाही. तिच्या दारावर जो क्रमांक असेल, तोच तिचा चेहरा.

अकरा खुणांचे नाव

आपल्या रेल्वेफाटकापाशी मालगाडी जाताना विद्यार्थ्यांनी कंटेनरकडे नीट पाहावे. दारावर चार रोमन अक्षरे, मग सहा आकडे आणि त्यानंतर चौकटीत एकच सुटा आकडा दिसेल. ‘आयएसओ ६३४६’ या आंतरराष्ट्रीय मानकाने ही रचना ठरवून दिली आहे. पहिली तीन अक्षरे मालकाची. चौथे अक्षर प्रकाराचे. मालाच्या पेटीसाठी ते ‘यू’ असते. मागचे सहा आकडे म्हणजे त्या मालकाने आपल्या पेटीला दिलेला अनुक्रमांक.

मालकाची तीन अक्षरे कोणालाही मनाने घेता येत नाहीत. १९३३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेली ‘ब्युरो इंटरनॅशनल दे कंटेनर्स’ ही संस्था त्यांची नोंदवही सांभाळते. एकाला दिलेली अक्षरे दुसऱ्याला द्यायची नाहीत, हा तिचा नियम. म्हणजे मालकाचे नाव एका वहीत एकदाच, आणि मालकाने आपल्या घरात एक क्रमांक एकाच पेटीला द्यायचा. एवढी दोन पथ्ये पाळली, की साऱ्या पृथ्वीवर त्या नावाची दुसरी पेटी असू शकत नाही. जगातल्या लक्षावधी पेट्यांचे बारसे एका ठिकाणी करावे लागत नाही. आडनावे तेवढी एका ठिकाणी नोंदवायची, पाळण्यातली नावे ज्याने त्याने ठेवायची!

आता त्या शेवटच्या, चौकटीतल्या आकड्याकडे वळू. इंग्रजीत त्याला ‘चेक डिजिट’ म्हणतात. मी त्याला ताळ्याचा अंक म्हणेन.

आपण सर्वांनी लहानपणी नवाचा ताळा पाहिला आहे. संख्येतील अंकांची बेरीज करीत जायचे, एकच अंक उरेपर्यंत. ही युक्ती सुंदर आहे, पण तिला एका बाजूने दिसत नाही. ३०५४३८ ही संख्या घ्या. अंकांची बेरीज २३, म्हणजे ताळा ५. घाईत लिहिणाऱ्याने मधले दोन आकडे उलटे करून ३५०४३८ असे लिहिले, तर? बेरीज पुन्हा २३, ताळा पुन्हा ५. चूक पकडली गेली नाही. आणि माणूस आकडे उतरवून घेताना वारंवार जी चूक करतो, ती नेमकी हीच, शेजारचे आकडे अदलाबदल करण्याची. जुन्या पेढीवरच्या मुनिमांना याचे वर्म ठाऊक असे. खतावणीत पडलेल्या फरकाला नवाने भाग गेला, की कुठेतरी आकडे उलटे पडले असावेत, हे ते ताडीत.

यावर उपाय असा, की आकड्यांना त्यांच्या जागेप्रमाणे कमीअधिक वजन द्यावे. ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ या नमुन्याच्या क्रमांकाचे गणित करून पाहू. प्रत्येक अक्षराला एक संख्या ठरवून दिलेली आहे. ए म्हणजे १०, आणि पुढे क्रमाने, फक्त ११, २२ व ३३ या संख्या वगळून. या हिशेबाने सी १३, एस ३०, क्यू २८ आणि यू ३२. आता पहिल्या जागेला १ ने, दुसऱ्या जागेला २ ने, तिसऱ्या जागेला ४ ने, असे दुप्पट करीत दहाव्या जागेला ५१२ ने गुणायचे. गुणाकार असे येतात: १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८ आणि ४०९६. एकूण बेरीज ६१८५. तिला ११ ने भागले, बाकी ३. हाच ताळ्याचा अंक. पेटीवर लिहिले जाते ‘सीएसक्यूयू ३०५४३८’ आणि चौकटीत ३.

आता तीच चूक करून पाहू. ३०५४३८ ऐवजी ३५०४३८ लिहिले, तर बेरीज ६०२५ होते आणि ११ ने भागल्यावर बाकी ८ उरते. चौकटीत मात्र ३ आहे. यंत्र तत्काळ सांगते, की हा क्रमांक अस्तित्वात असू शकत नाही, पुन्हा पाहा. पेटी हजारो मैल दूर असो, चूक टेबलावरच सापडते.

भाजक अकराच का, हा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनात आला असेल. अकरा ही मूळ संख्या आहे. १, २, ४, ८ पासून ५१२ पर्यंतच्या दहा वजनांना तिने भागले, तर बाकी १ पासून १० पर्यंतच्या दहाही निरनिराळ्या येतात. त्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा कोणतेही दोन आकडे आपसांत बदलले, तरी बाकी बदलतेच. एक उणीव उरते. बाकी १० आली तर ती एका अंकात मावत नाही, म्हणून तेथे ० लिहितात, आणि मग खरे शून्य व हे शून्य यांतला भेद राहत नाही. यास्तव असे अनुक्रमांक शक्यतो वापरूच नयेत, अशी मालकांना शिफारस आहे. आपल्या जुन्या हुंडीत रक्कम लिहून, तिची निमपट लिहून, पुन्हा ‘दुप्पट पुरे इतके’ असे लिहीत. त्यामागची बुद्धी हीच होती. मजकुरातच त्याचा साक्षीदार बसवायचा.

जात, व्यक्ती आणि ठिकाण

क्रमांक म्हटला की आपण सर्व क्रमांक एकाच माळेत ओवतो. वस्तुतः मालाच्या प्रवासात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. ही वस्तू कोणत्या जातीची? या जातीतली नेमकी कोणती? आणि ती जायची कोठे? या तीन प्रश्नांना तीन प्रकारचे क्रमांक उत्तरे देतात, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याकडे मागितले की घोटाळा होतो.

जातीचा क्रमांक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. साबणाच्या वेष्टनावरील काळ्या रेघा आणि खालचे तेरा आकडे. या रेघांची कल्पना नॉर्मन जोसेफ वुडलँड या तरुणाला मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचली. मोर्सच्या तारायंत्रातील ठिपके आणि रेघा त्याच्या मनात घोळत होत्या, आणि वाळूत बोटे ओढताना त्या रेघा लांबवता येतील हे त्याच्या ध्यानी आले. बर्नार्ड सिल्व्हर या मित्रासह त्याला ७ ऑक्टोबर १९५२ रोजी पेटंट मिळाले. पण लेसर नव्हता आणि संगणक स्वस्त नव्हते, म्हणून कल्पना वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिली. पुढे आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर यांनी आखलेली रचना १९७३ साली अमेरिकेतील किराणा व्यवसायाने एकमताने स्वीकारली, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगगमचे एक पाकीट यंत्रावरून सरकले. किंमत ६७ सेंट. येथेही लक्षात घेण्याजोगे आहे ते हे, की यंत्राच्या आधी करार झाला. परस्परांशी स्पर्धा करणारे कारखानदार आणि दुकानदार एका टेबलाभोवती बसले, म्हणून रेघांना अर्थ आला.

भारतात हे काम १९९६ पासून, आज ‘जीएस१ इंडिया’ या नावाने ओळखली जाणारी संस्था पाहते. भारताला मिळालेली उपसर्ग-संख्या ८९०. येथे एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. ८९० ने सुरू होणारी वस्तू भारतातच बनली, असे पुष्कळ लोक मानतात आणि इतरांनाही सांगतात. तसे नाही. त्या कंपनीने आपला क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठेही बनलेला असू शकतो. जो प्रश्न क्रमांकाला विचारलेलाच नाही, त्याचे उत्तर आपण त्याच्या तोंडी घालू नये.

या तेरा अंकांतही शेवटचा अंक ताळ्याचाच. येथे वजने एकाआड एक १ आणि ३, आणि भाजक १०. किराण्याच्या दुकानाला ही सोपी रीत पुरते, पण ती अकराच्या रीतीइतकी कडक नाही. शेजारचे दोन आकडे उलटे झाले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला, जसे १ व ६ किंवा २ व ७, तर ही चूक तिच्या हातून निसटते. विद्यार्थ्यांनी घरी जाऊन हे स्वतः पडताळून पाहावे.

जातीचा क्रमांक एका जातीच्या सर्व वस्तूंना एकच असतो. बिस्किटाच्या लाखो पुड्यांना तोच. हिशेबाला तेवढे पुरे, औषधाला मात्र पुरत नाही. औषधाची एक खेप बिघडली, तर ती नेमकी खेप बाजारातून परत आणता आली पाहिजे. नकली गोळी अस्सलच्या वेष्टनात शिरली, तर ती ओळखता आली पाहिजे. म्हणूनच आपल्या देशात १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० औषध-ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर वा बारकोड छापणे बंधनकारक झाले. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, खेपेचा क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख इत्यादी माहिती असते. वडोदऱ्यासारख्या औषधनिर्मितीच्या गावातील माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता ठिकाणाचा क्रमांक. तो आपल्या देशाला एका मराठी माणसाने दिला, याचा येथे अभिमानाने उल्लेख केला पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे पंडित व कवी. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांच्या योजनेप्रमाणे सहा आकडी पिन कोड अमलात आला. एकाच नावाची अनेक गावे, अपुरे पत्ते आणि नाना भाषांतली पाकिटे यांनी टपाल खाते जेरीस आले होते. बेळगावहून निघालेले मराठी पाकीट कानडी, देवनागरी आणि गुजराती अशा तीन लिपींच्या मुलखांतून वडोदऱ्यास येते. वाटेतल्या प्रत्येक वर्गीकाराला पत्ता वाचता येईलच असे नाही. ३९०००१ मात्र वाचता येते. पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपालकचेरी.

आपण मराठी माणसे किती ठिकाणी पांगलो आहोत, हेही या अंकांत दिसते. गोवा ४०३, इंदूर ४५२, ग्वाल्हेर ४७४, बेळगाव ५९०, हैदराबाद ५००, आणि आपण ३९०. हे अंक भाषा विचारीत नाहीत, वंश विचारीत नाहीत. टपाल कोणत्या वाटेने न्यायचे, एवढेच ते विचारतात. त्यांचा टिकाऊपणा त्यातच आहे. मुंबईचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, तरी आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीत तिची खूण ‘बीओएम’ हीच राहिली. आपले गाव कागदोपत्री बडोद्याचे वडोदरा झाले, रेल्वेची खूण मात्र ‘बीआरसी’च आहे. नावात आपला जीव असतो, म्हणून नावावरून वाद होतात आणि ते व्हावेतही. क्रमांकाने त्या वादात पडू नये. ज्या क्रमांकाला कमीत कमी अर्थ, तो जास्तीत जास्त टिकतो.

याला एक अपवाद मात्र आवर्जून सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या महामार्गावर रोज धावतो. घातक रसायने वाहणाऱ्या टँकरवर एक चार आकडी क्रमांक असतो. हे क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या समितीने ठरविलेले आहेत. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. टँकर उलटला आणि चालक बेशुद्ध पडला, तर अग्निशामक दलाच्या जवानाला त्या चार आकड्यांवरून समजते, की पाणी मारायचे की दूर राहायचे. अशा वेळी भाषा कामाची नाही आणि कंपनीचे नावही कामाचे नाही. मित्रहो, हे चार आकडे पाठ करावेत असे मी म्हणत नाही. पण टँकर उलटलेला दिसला तर बघ्यांच्या गर्दीत पुढे न जाता तो क्रमांक दुरून वाचून कळवावा, एवढे अवश्य करावे.

ओळख आणि साक्ष

येथपर्यंत मी क्रमांकाचे गुणगान केले. आता त्याची मर्यादा सांगणे माझे कर्तव्य आहे, किंबहुना तेवढ्यासाठीच मी हा विषय घेतला.

क्रमांक ओळख देतो, साक्ष देत नाही. ही पेटी कोणती, हे तो अचूक सांगतो. तिच्यात काय आहे, हे मात्र कोणीतरी माणसाने कागदावर लिहिलेले असते. क्रमांकाला ताळा आहे, त्या माणसाच्या सचोटीला नाही.

जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे कंटेनरवाहू जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडून तडकले आणि अखेर इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर चढवावे लागले. त्याच्या डेकवरील कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० पेट्या नंतर तोलण्यात आल्या, तेव्हा त्यांतील १३७ पेट्यांचे वजन कागदावरील वजनापेक्षा ३ टनांहून अधिक फरकाचे निघाले. जहाज तडकण्याचे एकमेव कारण हे नव्हते. परंतु पाचांतली एक पेटी खोटे बोलत होती, आणि प्रत्येकीवरचा क्रमांक मात्र बिनचूक होता! पुढे १ जुलै २०१६ पासून, प्रत्यक्ष पडताळलेले वजन कळविल्याशिवाय भरलेली पेटी जहाजावर चढवायची नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम झाला. क्रमांक होता तोच राहिला. फरक इतकाच, की त्याच्यापुढे लिहिलेल्या शब्दाबद्दल आता कोणाला तरी जाब विचारता येऊ लागला.

दुसरे उदाहरण आपल्या दारचे आहे. मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे नवेकोरे जहाज १,४८६ पेट्या घेऊन आखातातून आपल्या किनाऱ्याकडे येत होते. त्यातल्या एका पेटीतून नायट्रिक आम्ल गळू लागले. कोणती पेटी, हे जहाजावर ठाऊक होते. तिचा क्रमांक, तिच्यातले रसायन, तिची जागा, कशातही संदिग्धता नव्हती. कतारमधील हमाद बंदरात ती उतरवून घेण्याची विनंती झाली. त्यानंतर आपल्या गुजरातेतील हजिरा येथेही झाली. असा माल हाताळण्याची सोय वा तज्ज्ञता तातडीने उपलब्ध नाही, असे दोन्हीकडून उत्तर मिळाल्याचे जहाज चालविणाऱ्या कंपनीने नंतर सांगितले. जहाज तीच पेटी घेऊन कोलंबोस गेले. २० मे रोजी तेथील समुद्रात आग भडकली, आणि जून महिन्यात जहाज बुडाले. त्यावरील दीड हजार टनांहून अधिक प्लास्टिकचे दाणे समुद्रात व किनाऱ्यावर पसरले. मेलेली कासवे वाहून आली. हजारो कोळी कुटुंबांची चूल मासेमारीच्या बंदीने थंडावली.

या घटनेचा मी माझ्या व्यवसायातील माणूस म्हणून पुष्कळ विचार केला आहे. कोणा एका बंदराला दोष देणे सोपे आहे, आणि कदाचित ते अन्यायाचेही होईल. ज्याच्याकडे सामग्री नाही त्याने आम्लाची गळती अंगावर घ्यावी कशी? पण एक गोष्ट नाकारता येत नाही. माहितीच्या अभावी हा अनर्थ झाला नाही. माहिती पूर्ण होती. ती ज्याच्या ज्याच्यापुढे आली, त्याला ती दुसऱ्याची वाटली. आपल्या काळाचे हे दुखणे आहे. वस्तू कोठे आहे, हे आपल्याला मिनिटामिनिटाला कळते. ती कोणाची, याचे उत्तर देणारा माणूस मात्र सापडत नाही. माल शोधण्याची साधने वाढली, तेवढी माल आपला म्हणण्याची वृत्ती वाढली नाही.

माझ्या नोकरीत मी चांगली माणसेही पाहिली. एका गोदीत, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, एक तपासनीस होते. ते पेटीचा क्रमांक कागदाशी जुळवून थांबत नसत. दाराचे सील हाताने ओढून पाहत, पेटीच्या बुडाशी वाकून ओल आहे का ते पाहत, आणि मगच सही करीत. त्यांच्या रांगेत वेळ लागे म्हणून लोक कुरकुरत. पण त्यांनी सही केलेल्या पेटीविषयी पुढच्या बंदरातून तक्रार आल्याचे मला आठवत नाही. आता छायाचित्र घेऊन क्रमांक वाचणारी यंत्रे आली आहेत आणि ती त्यांच्यापेक्षा चपळ आहेत. ओल पाहण्याचे काम मात्र अजून कोणीतरी करावेच लागते.

आपल्या गावची परंपरा

समारोपाकडे वळण्यापूर्वी आपल्या गावाची एक आठवण जागवतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे पाचारण केले. बॉर्डन यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणाची क्रमांकपद्धती येथे घालून दिली, आणि फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या संस्थानातील गावोगाव जाऊ लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. त्या पेट्याही क्रमांकाच्या आणि नोंदवहीच्या आधारानेच जात व परत येत असणार. पण त्या गावात पोचल्यावर उघडणारा, पुस्तके वाटणारा आणि सांभाळून परत पाठविणारा कोणी शिक्षक वा गावकरी नसता, तर ती योजना कागदावरच राहिली असती. पेटी पाठविणे हा राज्यकारभार झाला. ती उघडून घेणे ही संस्कृती.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या अशा व्यवस्थांत काम कराल. कोणी संगणकाच्या आज्ञावल्या लिहील, कोणी कारखान्यात खेपा मोजील, कोणी बंदरात उभा राहील. तुमच्यासमोर क्रमांकांच्या अखंड रांगा येतील आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली की काम झाले असे वाटेल. त्या हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच, की आकडे एकमेकांशी जुळले. आकडे वस्तूशी जुळले की नाही आणि त्या वस्तूची जबाबदारी आज माझ्यावर आहे की नाही, हे दोन प्रश्न कोणताही अंक तुमच्या वतीने सोडवू शकत नाही. ते तुम्हीच विचारायचे आहेत, आणि उत्तराखाली आपले नाव लिहायचे आहे.